लोणारचे बेसाल्ट आणि समकालीन ग्रहमोहिमा : विदर्भातील एका आघात विवराचे महत्त्व

बीजशब्द : लोणार, आघात विवर, बेसाल्ट, चांद्रयान, मंगळ, बेन्नू, उत्क्षिप्त थर

प्रस्तावना :

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ मोहिमेतील विक्रम अवतरक चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर सुखरूप उतरला. त्या सायंकाळनंतर आपल्या महाविद्यालयांतून व्याख्याने, भित्तिपत्रके व प्रश्नमंजूषा यांची एकच गर्दी झाली आणि ते स्वाभाविकही होते. तथापि या उपक्रमांचे विषय पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चर्चा बहुतांशी अग्निबाण, वेग, खर्च आणि राष्ट्राभिमान यांभोवतीच फिरत राहिली. यान उतरल्यानंतर त्याने तेथे नेमके काय वाचले, आणि परग्रहावरील दगड वाचण्याची ही लिपी मानव मुळात कोठे शिकला, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

ही लिपी पृथ्वीवरच शिकावी लागते. अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांना चंद्रावर पाठविण्यापूर्वी अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील उल्का-विवरात नेऊन भूशास्त्राचे धडे देण्यात आले होते. परंतु ते विवर वालुकाश्म व चुनखडक यांत घडलेले आहे. चंद्रावरील काळे सपाट प्रदेश आणि मंगळाचे बरेचसे कवच मात्र बेसाल्टचे आहे. बेसाल्टमध्ये घडलेले व सुस्थितीत टिकलेले आघात विवर पृथ्वीवर दुर्मीळ असून त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे होय. प्रस्तुत लेखात लोणारचा अभ्यास व चालू-आगामी ग्रहमोहिमा यांचा परस्परसंबंध उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. वृत्तपत्रांतून लोणारचा उल्लेख 'जगातील एकमेव बेसाल्ट विवर' असा सरसकट केला जातो. तो अचूक नाही. ब्राझीलमधील व्हार्जियाओ, व्हिस्टा ॲलेग्रे यांसारखी विवरेही बेसाल्टमध्येच आहेत. मात्र ती फार जुनी व बरीच झिजलेली आहेत. लोणारचे वेगळेपण त्याच्या ताजेपणात आहे.

नागपूरची भूमी आणि लोणारचा परिसर :

नागपूर शहर दख्खनच्या लाव्हा पठाराच्या अगदी पूर्व काठावर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, तर शहराच्या पूर्वेस गेल्यास त्याहून कितीतरी प्राचीन असे नाइस खडक लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप यांनी या परिसराच्या भूरचनेचा अभ्यास केला, हे नागपूरकर प्राध्यापकांस सांगावयास नको. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहेच. या काठापासून पश्चिमेकडे वऱ्हाड ओलांडून बुलढाण्यापर्यंत जाणारा प्रवासी लाव्हाच्या थरांवरूनच चालत असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून मेहकरमार्गे लोणार गाठणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे.

लोणार विवराचा व्यास सुमारे १.८८ किमी आहे. काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर भरते आणि काठ भोवतालच्या सपाटीपेक्षा सुमारे ३० मीटर उंच उचललेला आहे. विवराच्या भिंतीत लाव्हाचे पाच-सहा थर एकावर एक रचलेले दिसतात. काठाशी हे थर मूळच्या आडव्या स्थितीतून बाहेरच्या बाजूस कललेले आहेत; एखादी जड वस्तू चिखलात जोराने आदळल्यावर कडा वर उचलून बाहेर वळावी, तसे. तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. या जलाशयास बाहेर पडण्याची वाट नाही. धार येथील गोड्या पाण्याचा झरा मात्र काठावरून आत वाहतो. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची कथा व लोणार गावातील दैत्यसूदनाचे देऊळ पाहता, येथील जमीन काही वेगळी आहे, याची जाण पूर्वजांना फार पूर्वीच झाली होती असे दिसते.

संशयाकडून सिद्धतेकडे :

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे, असाच समज राहिला. लाव्हाच्या पठारावरील खड्ड्याबद्दल असा तर्क होणे साहजिकच होते. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी लोणार व ॲरिझोनाचे विवर यांतील साम्य नोंदविले; पण ॲरिझोनाचे विवरच त्यांनी वाफेच्या स्फोटाने घडलेले मानले होते. साम्य अचूक हेरले गेले, कारण मात्र दोन्ही ठिकाणी चुकले. विज्ञानाच्या इतिहासात असे प्रसंग विरळ नाहीत.

ज्वालामुखीच्या सिद्धांतातील मुख्य अडचण काळाची होती. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला आणि नंतर तो उद्रेक कायमचा थांबला. इतक्या जुन्या काळचे मुख आजवर असे धारदार काठांसह टिकणे शक्य नव्हते. १९६४ मध्ये लाफाँड व डिट्झ यांनी लोणार आघाताने घडले असावे, असा विचार मांडला. १९७२ मध्ये सागर विद्यापीठाचे व्ही. के. नायक यांनी येथे सापडलेल्या काचमय कणांकडे लक्ष वेधले. पुढील वर्षी, १९७३ मध्ये, फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बेसाल्टमधील आघात विवर म्हणून लोणारला मान्यता मिळाली. सरोवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांत सुमारे १०० मीटर गाळाखाली तुटक्या-फुटक्या खडकांचा थर, म्हणजे ब्रेशिया, आढळला होता. या संशोधकांचे आकर्षण केवळ लोणारविषयी नव्हते, हेही लक्षात घ्यावयास हवे. त्या काळी अपोलो यानांनी आणलेले चांद्रबेसाल्ट प्रयोगशाळांत होते आणि त्यांच्याशी ताडून पाहण्याजोगा पार्थिव नमुना हवा होता. तो वऱ्हाडात मिळाला.

आघाताची लिपी :

ज्वालामुखी व आघात यांतील भेद खनिजांत कोरलेला असतो. ज्वालामुखीत उष्णता पुष्कळ असते, परंतु दाब मर्यादित असतो. आघातात क्षणार्धात प्रचंड दाबाची लाट खडकातून जाते. या दाबाचे परिमाण गिगापास्कल असून एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १० हजार पट होय. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्स्पार हे खनिज विपुल असते. सुमारे २५ गिगापास्कल वा त्याहून अधिक दाबाची लाट गेल्यास या खनिजातील अणूंची शिस्तबद्ध मांडणी कोलमडते. खनिज वितळत नाही, स्फटिकाचा बाह्याकारही कायम राहतो. आतून मात्र त्याची काच झालेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात फेल्स्पार चमकावयास हवे तेथे काळोख दिसतो. या काचेस मॅस्केलिनाइट म्हणतात. दाब याहून बराच वाढला की सारा खडकच वितळतो. १९७६ मध्ये सुसान कीफर व सहकाऱ्यांनी लोणारच्या बेसाल्टचे दाबाच्या चढत्या क्रमाने वर्ग पाडले व प्रयोगशाळेत आघात दिलेल्या बेसाल्टशी त्यांची तुलना केली. परग्रहावरून आलेल्या दगडाने किती दाब सोसला, हे ठरविताना अशा वर्गीकरणाचा आधार घ्यावा लागतो.

मॅस्केलिनाइट या खनिजकाचेची ओळख प्रथम पटली ती भारतात पडलेल्याच एका अशनीत. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील गया परिसरात शेरघाटीजवळ एक दगड आकाशातून पडला. १८७२ मध्ये ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांनी त्यातील काचेचे वर्णन केले. पुढे या जातीच्या अशनींत कोंडलेले वायू १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या वातावरणाशी जुळले आणि हे दगड मंगळाचे असल्याचे मान्य झाले. मंगळावरील एखाद्या आघाताने उडालेला तुकडा बिहारच्या शेतात पडतो आणि त्यातील काचेसारखीच काच लोणारच्या दगडांत सापडते, या योगायोगाची दखल आपल्या पाठ्यपुस्तकांनी अद्याप घेतलेली नाही.

चंद्र : विवरांची गणना व नमुन्यांचे मोल :

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने सुमारे १०३ मीटर प्रवासात २३ ठिकाणी मातीची रासायनिक चाचणी केली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील संतोष वडवळे व सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माती प्रामुख्याने अनॉर्थोसाइटची, म्हणजे प्लॅजिओक्लेजने समृद्ध अशा खडकाची निघाली. बाल्यावस्थेतील चंद्र वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता व हलके प्लॅजिओक्लेज वर तरंगून त्याचे कवच झाले, या सिद्धांतास त्यामुळे पुष्टी मिळाली. त्याच मातीत मॅग्नेशियमयुक्त खनिजांचे प्रमाण अपेक्षेहून अधिक होते. सुमारे २,५०० किमी व्यासाचे दक्षिण ध्रुव-एटकेन खोरे ज्या आघाताने घडले, त्याने खोलवरचे द्रव्य उसळून येथवर पसरले असावे, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. खोऱ्याचा काठ तेथून सुमारे ३५० किमी दूर आहे. थोडक्यात, विक्रम अवतरक ज्या जमिनीवर उभा आहे, तिच्यात एका विवराचे उत्क्षिप्त द्रव्य मिसळलेले आहे. उत्क्षिप्त थर, म्हणजे आघाताने बाहेर फेकलेल्या दगडमातीचे विवराभोवतीचे आवरण. लोणारच्या भोवतीही ते आहे व त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

चंद्रावरील एखाद्या प्रदेशाचे वय दुरून कसे ठरवितात? त्या प्रदेशावरील विवरे मोजून. जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर आघात अधिक. परंतु या मोजणीतून प्रथम सापेक्ष वय मिळते; वर्षांतील आकडा हवा असल्यास काही ठिकाणचे दगड प्रत्यक्ष हाती असावे लागतात. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो नमुन्यांवर ही मोजपट्टी बेतलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-अ-५ यानाने १,७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यांतील बेसाल्टचे वय सुमारे २०० कोटी वर्षे भरले, आणि अपोलोच्या नमुन्यांत मोजपट्टीवर जी मोठी रिकामी जागा होती ती काही अंशी भरली गेली. जून २०२४ मध्ये चांग-अ-६ ने चंद्राच्या पलीकडील बाजूचे नमुने प्रथमच पृथ्वीवर आणले.

भारताची चांद्रयान-४ मोहीम याच परंपरेतील आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी तिला २,१०४.०६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. दोन प्रक्षेपणांतून पाठविलेले भाग अंतराळात जोडणे, चंद्रावर उतरून नमुने घेणे, तेथून उड्डाण करणे व ते पृथ्वीवर सुखरूप आणणे, असा हा बहुपदरी बेत आहे. त्यासाठी लागणारी यान-जोडणी १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स प्रयोगात साधली गेली. चांद्रयान-५ ही जपानबरोबरची संयुक्त मोहीम असून तिलाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आहे.

नमुने आले की ते वाचणारे हात लागतील. वयनिश्चिती ही किती नाजूक बाब आहे, याचा धडा लोणारच देतो. काचेवर केलेल्या तप्तदीप्ती पद्धतीने १९९७ मध्ये लोणारचे वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे ठरले. फरक दहापटीहून अधिक! यामागे दोन्ही पद्धतींचे स्वभाव आहेत. तप्तदीप्ती पद्धत खनिजात साठलेल्या किरणोत्सर्गी प्रभावाचे मोजमाप करते. नंतरच्या काळात उष्णतेने तो साठा अंशतः पुसला गेल्यास वय कमी भरते. उलट आर्गॉन पद्धतीत, ६.६ कोटी वर्षांच्या जुन्या बेसाल्टमधील आर्गॉन आघाताच्या वेळी पूर्णपणे निसटला नसेल, तर वय वाढीव भरण्याचा धोका असतो व तो हिशेबात धरावा लागतो. प्रस्तुत लेखकास हा वाद विज्ञानाची उणीव वाटत नाही; पदव्युत्तर वर्गात वयनिश्चितीचे घटक शिकविताना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

मंगळ, बेन्नू आणि खारे पाणी :

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेची पर्सिव्हरन्स बग्गी मंगळावरील जेझेरो विवरात उतरली. जेझेरो या स्लाव्ह भाषेतील शब्दाचा अर्थच सरोवर असा आहे. सुमारे ४५ किमी व्यासाच्या या विवरात अब्जावधी वर्षांपूर्वी नदी येऊन मिळत होती व तिचा त्रिभुज प्रदेश आजही ओळखू येतो. बेसाल्टच्या प्रदेशात आघात, आघाताच्या खड्ड्यात पाणी आणि पाण्याच्या गाळात कदाचित सूक्ष्मजीवांच्या खुणा, अशी ही साखळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तेथील एका गाळखडकातील ठिपक्यांना 'संभाव्य जैविक खूण' असे सावध नाव देण्यात आले. निर्णय नमुने पृथ्वीवर आल्याविना होणे अवघड आहे, आणि ते आणण्याची अमेरिकेची मूळ योजना वाढत्या खर्चामुळे अडचणीत सापडली. चीनची तिआनवेन-३ ही मंगळ-नमुना मोहीम २०२८ च्या सुमारास निघावयाची आहे.

लोणार हे जेझेरोचे लहान भावंड नव्हे. आकार, वय, हवामान, सारेच भिन्न आहे. साम्य आहे ते प्रक्रियेत. बेसाल्ट झिजताना त्यातून सोडियमसारखी मूलद्रव्ये पाण्यात येतात, पाण्यास बाहेरची वाट नसल्याने बाष्पीभवनाने क्षार साठतात व पाण्याचा सामू १० च्या आसपास जातो. अशा पाण्यात कोणते सूक्ष्मजीव तगतात व मेल्यावर गाळात कोणती खूण ठेवतात, हे येथे तपासता येते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशानुसार नागपूरच्या नीरी संस्थेने नमुने घेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत या रंगामागे हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. मंगळावरील जीवशोधाच्या दृष्टीने हेच जीव अभ्यासकांना महत्त्वाचे वाटतात.

क्षारांचा दुवा तर आणखी दूर पोहोचतो. लोणारच्या काठावर साचणाऱ्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी स्थानिक नावे होती व त्यांचा व्यापार चाले. 'आईन-इ-अकबरी'तही लोणारच्या काच व साबणास उपयुक्त द्रव्यांचा उल्लेख आहे. या क्षारांतील एक प्रमुख खनिज ट्रोना, म्हणजे सोडियमचे जलयुक्त कार्बोनेट. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरील १२१.६ ग्रॅम द्रव्य पृथ्वीवर आणले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातही ट्रोना आढळला. बेन्नूच्या मूळ पिंडात कधीकाळी खारे पाणी होते व ते आटत गेले, असा त्याचा अर्थ लावला गेला. संशोधकांनी तुलनेसाठी कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवराचे उदाहरण घेतले. ती निवड त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र आपल्या दाराशी असलेल्या सरोवराची तुलना आपण करावयाची, की तीही इतरांनी करावी, याचा विचार व्हावा.

उत्क्षिप्त थराचे भवितव्य :

लोणारविषयीची बहुतेक चिंता पाण्याविषयी असते. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र ४२७ हेक्टर, म्हणजे ४.२७ चौ. किमी आहे. आता थोडा हिशेब करू. १.८८ किमी व्यासाच्या विवराचेच क्षेत्रफळ सुमारे २.८ चौ. किमी होते. उत्क्षिप्त थर काठापासून बाहेर सरासरी सुमारे १.३५ किमी पसरलेला आहे. त्या कड्याचे क्षेत्रफळ पावणेचौदा चौ. किमीच्या घरात जाते. म्हणजे रामसर क्षेत्रात या थराचा फार तर दीड चौ. किमी, सुमारे एक नवमांश भाग येऊ शकतो. उरलेला थर शेतांखाली, रस्त्यांखाली आणि लोणार गावाखाली आहे.

ग्रहविज्ञानाच्या दृष्टीने हा थर सरोवराइतकाच मोलाचा आहे. बेसाल्टमधील उत्क्षिप्त द्रव्य कसे पसरले, मोठे धोंडे कोठे थांबले, वितळलेली काच कोणत्या दिशेस अधिक पडली, अशनी तिरका आला की सरळ, या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले व त्याच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. ही घट यानाच्या धडकेतून अपेक्षित होती त्याहून पुष्कळ अधिक होती आणि तिचे श्रेय बाहेर उसळलेल्या द्रव्याच्या प्रतिक्रियेस दिले जाते. त्या जागेची पाहणी करण्यासाठी युरोपचे हेरा यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले. उत्क्षेपाचे गणित हा पृथ्वीच्या संरक्षणाचाही प्रश्न बनला असताना, बेसाल्टमधील त्याचा उत्तम पुरावा नांगर, विहिरी व पायाखोदाई यांत हळूहळू मिसळून जात आहे. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पिढ्यान् पिढ्या कसलेली ती जमीन आहे, आणि तिच्यावर सरसकट बंदी घालणे न्याय्यही नाही अन् शक्यही नाही. पण जे नष्ट होणार, त्याची नोंद तरी व्हावयास हवी.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे काही :

ही नोंद आपल्या आवाक्यातील आहे. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे प्रादेशिक केंद्र आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय आहे आणि विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. इतकी सामग्री एका शहरात असणे हे भाग्यच. चांद्रयान-२ चा परिभ्रमक टिपत असलेली चंद्राची छायाचित्रे इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर नावनोंदणी करून कोणाही शिक्षकास मिळविता येतात. त्यांतील दोन किमी व्यासाचे एखादे ताजे विवर निवडून त्याचा नकाशा व लोणारचा उपग्रह-नकाशा एकाच प्रमाणावर शेजारी ठेवणे, हा पदवीच्या तृतीय वर्षासाठी उत्तम प्रकल्प ठरेल. त्यास लागणारा खर्च जवळजवळ शून्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखमधील त्सो कार येथे परग्रहसदृश निवासाचा 'होप' हा प्रयोग झाला. तेवढी साधने आपणापाशी नसली तरी मोजपट्टी, होकायंत्र व भ्रमणध्वनी प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असतात.

क्षेत्रभेटीपुरते सांगावयाचे तर, विवराच्या आत वनखात्याच्या अनुमतीविना जाऊ नये व तेथून एकही दगड उचलू नये. खरे काम काठाबाहेर आहे. नव्याने खोदलेली विहीर, रस्त्यासाठी कापलेली दरड, घराच्या पायाचा चर अशा प्रत्येक ताज्या छेदापाशी जमीनमालकाची परवानगी घेऊन अक्षांश-रेखांश टिपावेत, मोजपट्टी उभी धरून छायाचित्र घ्यावे, वरच्या काळ्या मातीची जाडी, खालच्या तुटक्या खडकांचा आकार व अखंड बेसाल्ट किती खोलीवर लागला हे तीन आकडे लिहावेत. विहिरीची कड बांधली की तो छेद पुन्हा दिसत नाही, म्हणून भेटी उन्हाळ्यात, विहिरी खणण्याच्या दिवसांत आखाव्यात. एका महाविद्यालयाने एक दिशा घेतली, तरी आठ महाविद्यालयांत विवराची पूर्ण प्रदक्षिणा होते.